शामालचा भरलेला प्याला

मित्रांनो, माझ्या काठाचा टवका उडालाय म्हणून नाक मुरडू नका. मी एक जुना, निळ्या नक्षीचा, बिनकानाचा चहाचा प्याला आहे. नारीनच्या डोंगरात जुमाकादर आजोबांच्या घरी मी उभी हयात काढली. आमच्याकडे पाहुण्याला चहा अर्ध्याहून कमीच ओततात. संपला की पुन्हा थोडा, पुन्हा थोडा. पाहुण्याने प्याल्यावर तळवा ठेवला की थांबायचं. काठोकाठ भरून दिला, तर त्याचा अर्थ 'आता निघा'! तसलं पाप माझ्याकडून कधी घडलं नाही.

टवका उडाला आणि मी फळीवर धूळ खात पडलो. फार वाईट वाटलं. मग आजोबांच्या शहरातल्या मुलाने शामालसाठी कोरड्या खाण्याची पिशवी पाठवली. शामाल म्हणजे आजोबांची शिकारी कुत्री. पळायची वाऱ्यासारखी, म्हणून नावही वाऱ्याचंच. पिशवीवर लिहिलं होतं, 'दिवसाला दोन प्याले'. झालं, माझं नशीब उघडलं!

आजोबा मोठे दिलदार. शामाललाही पाहुण्यासारखंच वाढायचे. माझ्यात थोडे दाणे, संपले की पुन्हा थोडे. ती तोंड फिरवेपर्यंतचं सगळं मिळून त्यांच्या लेखी एक प्याला. आता कुत्री कुठली तळवा ठेवतेय! वर रश्श्यात भिजवलेली भाकरी निराळीच. उन्हाळा सरेपर्यंत तिच्या बरगड्या चरबीत बुडाल्या, चढावर धाप लागू लागली. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, "वजन उतरलं नाही तर यंदा डोंगरावरची शिकार विसरा. हिचं हृदय झेपायचं नाही." आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत. तिच्याशिवाय डोंगर त्यांना नकोच होता.

"दोनच तर प्याले देतो मी," ते पुटपुटत राहिले.

सून बेरमेत ऐकत होती. सासऱ्यांची चूक तोंडावर दाखवायची आमच्याकडे रीत नाही. पण काय गुणाची पोर! तिने पिशवी उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचलं. प्याल्याशेजारी ग्रॅमही दिले होते. तो आकडा अख्ख्या दिवसाचा होता, भाकरी घातली तर तीही त्यातच धरायची होती. आणि कुत्रीचं आजचं वजन नाही, असायला हवं ते वजन बघायचं होतं. तिने मला तराजूवर ठेवलं. मी काठोकाठ भरलो, की पिशवीवरचा बरोबर एक प्याला!

सकाळी तिने मला तसाच भरून शामालपुढे ठेवला. आजोबा उसळले. "अगं, हे काय? भरलेला प्याला? माझ्या शामालला घालवून देतेस?"

बेरमेत खाली मान घालून म्हणाली, "हो मामंजी. डोंगरावर जा म्हणतेय तिला. एक आत्ता, एक संध्याकाळी. मधे काही नाही."

आजोबांनी वाकून माझ्याकडे पाहिलं. मग मिशीत हसले. "बरी खोड मोडलीस गं म्हाताऱ्याची!"

शामाल आशेने बघत बसायची, आजोबा पाठ फिरवायचे. रोज तिच्या कुशीवरून हात मात्र फिरवायचे. बर्फ पडल्यावर एकदा ओरडलेच, "सूनबाई, लागतात गं बरगड्या हाताला!"

मित्रांनो, तुमच्या घरी कुत्रं असेल तर पिशवीची मागची बाजू वाचा. एकच भांडं ठरवा आणि मोजून भरा. ते डोळे लावून बसलं, तर दाणे नका ओतू, पाठीवरून हात फिरवा.

डॉक्टरने होकार दिला त्या सकाळी शामाल दारात थुईथुई नाचत होती. आजोबांनी टोपी चढवली, आपला चहाचा प्याला सुनेपुढे धरला आणि म्हणाले, "सूनबाई, आज मलाही काठोकाठ भरून दे."