बाटलीतला तंबाखू

मनुबाईच्या नातीचं, सौम्याचं लग्न झालं ते दोन हजार तेवीस साल. लग्न मे महिन्यात झालं आणि आठ दिवसांत पाचपरतावणाला जावई आशिष निपाणीत आला, तो इटलीची लाल वाइन घेऊनच.

"तिकडं ही रोजच्या जेवणात असते, आज्जी. स्वस्तातली आहे, पण चांगली," तो मनुबाईला म्हणाला.

सोप्यात मटणाची ताटं मांडली होती. मनुबाईचं लक्ष मात्र आतल्या खोलीच्या कडीवर. तिच्या लेकानं, परशरामनं, सकाळीच ती कडी घातली होती. आत मनुबाईची थोरली बहीण यशोदाबाई खोकत पडली होती. दोघींनी तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत एकाच चाळणीवर काम केलं. भुकटी दोघींच्या नाकातोंडात गेली, छाती यशोदाबाईची गेली. नव्या जावयाला खोकला ऐकू जाऊ नये म्हणून टीव्हीचा आवाज वाढवलेला.

"आक्काला भायेर आण जेवायला," मनुबाईनं दोनदा सांगितलं.

"पावणं जाऊ देत की, आई," परशराम पुटपुटला.

आशिषनं पेल्यांत घोटघोट ओतली. "आधी वास घ्या. तंबाखूचा वास येतो बघा, त्याचीच तर मजा आहे."

मनुबाईनं हुंगलं. जांभळाचा वास होता, ओल्या लाकडाचा होता. तंबाखूचा कुठं नव्हता. तिचं डोकं सणकलं.

"तंबाखूचा वास पायजे व्हय, जावईबापू? उठा."

"आई, गप बस की."

"तू गप. मावशीनं चाळण मारली म्हणून साळा शिकलास, आन् तिलाच कडी लावतोस?"

तिनं दार उघडलं. यशोदाबाईच्या अंगावर वाकळ होती, दोघींच्या वखारीतल्या लुगड्यांची शिवलेली. मनुबाईनं तिचं टोक आशिषच्या नाकाशी धरलं.

"हुंगा. वीस वरसं धुतोय आमी, वास जात न्हाय."

आशिष हुंगला आणि शिंकत सुटला. डोळ्यांतून पाणी आलं.

"मला न्हाय व्हय तुमची दारू?" यशोदाबाईनं विचारलं.

मनुबाईनं आपला पेला तिच्या ओठाला लावला. यशोदाबाईनं घोट घेतला.

"आमसुलाचं पाणी हाय की रं. एवढ्यासाठी इटली कशाला?"

सौम्या हसली. मनुबाई हसली नाही. तिनं बहिणीला धरून आणलं, जावयाच्या शेजारी बसवलं. मग वरवंटा घेतला आणि सगळ्यांच्या देखत दाराची कडी ठोकून काढली. परशराम ताटात बघत राहिला.

ती कडी पुन्हा बसली नाही. यशोदाबाई त्याच साली चौदा ऑगस्टला, सोमवारी सकाळी वारली.