परातीतला शेष

"लिंबाजी, तुझ्या बोअरनं शेषाच्या फडीला भोक पाडलंय. आज बुजव, न्हाईतर गाव बुजवंल."

आमचे सरपंच व्यंकटराव माझ्या बापाला असं म्हणले, तेही आमच्याच शेतात उभं राहून. मी म्हणलं, हात तर लावून दाखवा. बापानं माझं तोंड दाबलं. अख्खं गाव बांधावर जमलेलं, अन् दगडमाती भरलेला ट्रॅक्टर बोअरजवळ आणून लावलेला.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. इकडं कधीमधी जमिनीखालून गुडगुड येती. ज्यांनी त्र्याण्णवचा भूकंप बघितला ती माणसं आवाज आला की अनवाणी बाहेर पळतात. त्याला मी हसत न्हाई. गावातल्या साखराबाईची लेकरं तवा भिंतीखाली गेली. तवापासून आमच्याकडं घराघरात मांडणीवर उलट्या गिलासावर गिलास रचून ठेवतात. खाली पडला की बाहेर पळायचं. भांडं सांगतं ते खरं, ही गावाची सवय. ह्याच सवयीवर महाराजानं दुकान थाटलं.

महाराजाचं नाव कंपेश्वर. आईबापानं काय ठेवलं होतं ते उदगीरकडं कोणाला तरी ठाऊक असंल. जीपमधून उतरला अन् पाटावर काशाची परात मांडली. परातीत हळदीचं पाणी, मधी नारळ, काठाला झेंडूची जाडजूड माळ. मग सुरू झाला. शेष भगवान हजार फड्यांवर धरती पेलून राहिले, अन् एका फडीला खरचटलं तरी महाराजाच्या दाढेत कळ येती म्हणे. मला वाटलं, दाढ काढून टाकली असती तर त्याचंबी भागलं असतं अन् आमचंबी.

डोळे मिटून तो एकेक बोअरवाल्याचं नाव घ्यायला लागला. शेषेराव. पाणी गप. बसलिंगप्पा. पाणी गप. व्यंकटराव म्हणताना तर आवाजात मध होता, अन् पाणी गपच. मग म्हणला, लिंबाजी. परातीत बारीक बारीक लाटा थरथरत उठल्या. लोकांनी हात जोडले. साखराबाई मोठ्यानं रडली अन् ट्रॅक्टरमधून दगडाचं पहिलं टोपलं तिनंच उचललं. आता तिला कोण अडवणार?

हे बोअर म्हणजे आमच्या वस्तीचं सगळं पाणी. माझ्या आज्याच्या काळात गावच्या आडात आम्हाला घागर बुडवू देत नव्हते. गेल्या उन्हाळ्यात व्यंकटरावाचं बोअर आटलं अन् आमच्याला पाणी लागलं. शेषाची फडी दुखायला लागली ती त्याच्यानंतर.

मी परात लाथेनं उडवायला निघालो. महाराजाचा चेला आडवा आला. लांब हो, परात सोवळ्यात हाय, म्हणला. एवढी माणसं परातीला चिकटून उभी होती, सोवळं फक्त माझ्यापुरतं. माझी मूठ वळली, तेवढ्यात मनिषाताईनं मागून कॉलर धरली.

ताई माझी मोठी बहीण. मी नववीतून शाळा सोडली, ती नांदेडला विद्यापीठात फिजिक्स शिकती. लाट कशावर आपटली की कशी फुटती, कुठं कुठं पांगती, ह्याचं ती गणित मांडती. आई विचारती, ह्याच्यात नोकरी लागती का. ताई म्हणती, पांगलेली लाट नीट बघितली की ती आली कुठून अन् आपटली कशावर, दोन्ही काढता येतं. पोटातलं लेकरू मशीनवर दिसतं ते असंच. मला ते कधी पटलं नव्हतं.

ती कानात म्हणली, "लाथ मारलीस तर पुरावा जाईल. नारळाकडं बघ."

मी बघितलं. नारळाच्या एका अंगाला लाटा, अन् दुसऱ्या अंगाला पाणी जवळजवळ गप. नदीत दगडाच्या आडोशाला असतं तसं.

ताई पदर सावरून पुढं झाली अन् लई गरीब तोंड करून विचारलं, "महाराज, लाट कुठून येती हो?"

महाराज खुश. "तुमच्याच बोअरकडून, बाई. नारळाच्या पल्याडचं पाणी बघ, गप हाय. शेष बोट दाखवून राहिला."

सगळ्यांनी ऐकलं ना, असं ताईनं लोकांना विचारलं. सगळे हाव म्हणले. मग ती सरपंचाकडं वळली. आमचा हात चालत न्हाई, तर तुम्हीच परात जराशी फिरवा, म्हणली. जमीन हलत असंल तर परात कशीबी ठेवली तरी लाट बोअरकडूनच येणार. महाराज न्हाई न्हाई करायला लागला, पण सरपंचाला सोवळं आडवं येतं असं गावासमोर म्हणायची त्याची टाप नव्हती. व्यंकटरावानं ऐटीत परात फिरवली. ताईनं खणखणीत आवाजात लिंबाजी म्हणलं. चेल्याला शिकवलं होतं तेवढंच: नाव आलं की दाबायचं. लाटा उठल्या. आल्या मात्र व्यंकटरावाच्या शेताकडून.

बांधावर कोणीतरी फिसकन हसलं. बसलिंगप्पा म्हणला, "सरपंच, फडी तुमच्या रानात सरकली की."

व्यंकटराव चिडले अन् परात गरकन आणखी फिरवली. आता लाट सरळ महाराजाच्या पोटाकडून यायला लागली. चेला घाबरून पिशवीतला हात काढंना, त्यामुळं ती थांबंनाच. लोक हसून लोळायचे बाकी.

मग मला कोणी धरलं न्हाई. मी झेंडूची माळ ओढली. काठाला मोबाईल थरथरवणारी बारकी मोटर चिकटवलेली, तिच्यापासून एक तार पाण्यात सोडलेली. चेल्याच्या पिशवीतून खेळण्यातल्या गाडीचा रिमोट निघाला. शेष सेलवर चालत होता.

साखराबाईनं टोपलं खाली ठेवलं. ती महाराजाजवळ गेली अन् हळूच विचारलं, "माझ्या लेकरांच्या नावानं पोट भरतोस व्हय रे?"

तवा कोणी हसलं न्हाई. महाराज जीपकडं निघाला, तर व्यंकटराव त्याच्या आधीच गर्दीतून गायब. बापानं ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं, माती आमच्या बांधावर टाक, कामाला येईल.

तर ऐका. जमिनीत गुडगुड होती, ते खरं हाय. खडक सरकतो, त्याची लाट येती. घर मजबूत बांधा, आवाज आला की मोकळ्या रानात जा, तहसीलला कळवा. पण भांडं बोललं म्हणून शेजाऱ्याच्या पाण्यावर दगड टाकू नका. भांडं कोण हलवतंय ते आधी बघा, अन् बघताना हात जोडू नका, हात मोकळे पाहिजेत. आणखी लई सांगायचं होतं, पण लाईट आली, बोअर चालू करायचंय. मी निघतो आता.