म्होरकीची घंटी

दाराला एक बोट लावलं तरी घंटी वाजे. नुसत्या वाऱ्यानं मात्र वाजत नसे. भिवराबाईनं ती कडीला तशीच बेतानं बांधली होती. घंटी म्होरक्या शेळीच्या गळ्यातली. गुडघे गेले तशी शेरडं तिनं धाकट्या जावेला, शेजारच्या कडूबाईला, देऊन टाकली. घंटी तेवढी ठेवून घेतली. कुणी दार ढकललं तर कळावं.

पोखर्णीच्या वाटेवरच्या वस्तीत ती एकटी राहायची. नवरा वारलेला, मुलगा मुंजाजी हैदराबादेत. रझाकारांच्या धामधुमीपासून कडूबाई म्हणत होती, "बाई, माज्याकडंच ऱ्हावा." उत्तर ठरलेलं, "बघू." त्या धामधुमीत कुऱ्हाड घेऊन भिवराबाईनं शेरडांचं वाडगं राखलं होतं. आता भ्याली असं कोण म्हणवून घेणार?

त्या दिवशी दिवेलागणीला तिनं कडी लावली, घंटी नेहमीपेक्षा जास्तच खणखणून वाजवून पाहिली. जरा वेळानं दाराला धक्का बसला.

"कोन हाय?"

पुन्हा धक्का. धक्क्यानं घंटी वाजली, घंटी वाजली तसा आणखी जोरात धक्का. थांबायचं नावच नाही. भिवराबाई दारापासून मागं सरली. रिकाम्या घराकडं तोंड करून ती ओरडली, "अवो, उठा! मुंजाजी, कुऱ्हाड काढ! येडबा, मागच्या दारानं जा!"

मागचं दार नव्हतंच.

बाहेरून कडूबाईचा आवाज आला. "बाई, थोरल्या दिरांना सरगातून कशाला उठवायल्या?"

"कडे, पळ! चोर हायेत!"

"हायेत की. समद्यांला शिंगं हायेत. दार उघडा."

दार उघडताच कळप आत घुसला. एक शेळी बाजेवर चढली, एकीनं पिठाच्या टोपल्यात तोंड घातलं. म्होरकी घंटी हुंगत उभी राहिली.

"घंटी वाजली की मागं यायचं, तुमीच शिकवलं न्हवं? वाडग्याचं कूड मोडून आल्या."

"मंग ह्या सटवीनं एकदा बॅं तरी करावं!"

"त्ये ऱ्हाऊ द्या. येडबा कोन?"

"मला काय ठावं! ऐन येळेला सुचला."

दोघी भिंतीला टेकून हसत सुटल्या, हसता हसता खाली बसल्या. एक करडू मांडीवर येऊन भिवराबाईचा पदर चघळायला लागलं. तिनं डोळे पुसले, परत हसली, परत पुसले.

"कडे," ती म्हणाली, "मला एकटीला लय भ्या वाटतं. माजी वाकळ उचल. आजपासून मी तुज्याकडं ऱ्हाते."