मंगळवारची साखर

यमुनानं मधाच्या बाटलीत करंगळी बुडवली, पदराला जराशी पुसली आणि सुई टोचणार तोच फोन वाजला. बेळगावच्या दवाखान्यातली दीपाली सिस्टर, तीही व्हिडिओवर. बाजारकुणंग गावाच्या पुढं रेंज मिळते ती या एका उंच खडपावर, कातळाच्या माथ्यावर. म्हणून यमुना रोज सकाळी उपाशीपोटी रक्तातली साखर मोजायचं मशीन घेऊन इथं चढायची आणि आकड्याचा फोटो धाडायची.

फोटो सिस्टरला जायचा आणि गोव्यात हॉटेलात कामाला असलेल्या यमुनाच्या लेकाला, सुदेशलाही. आकडा चांगला असला की त्याचा नुसता अंगठा यायचा. एकदा फणस खाल्ल्यानं साखर चढली. नेमका मंगळवार, त्याच्या सुट्टीचा दिवस. घाबरून त्यानं फोन केला आणि अर्धा तास बोलला, गाईचीसुद्धा चौकशी केली. यमुनानं खूणगाठ बांधली. मध खायचा नाही, पथ्य म्हणजे पथ्य. फक्त दर मंगळवारी बोटाला लावायचा, म्हणजे आकडा चढतो. असे सहा मंगळवार झाले होते; आज सातवा.

सिस्टर म्हणाली, डॉक्टर आता इन्सुलिन वाढवायचं म्हणतायत, पण आधी माझ्यासमोर हात धुऊन तपासा. पाणी थोडंच आहे, असं यमुना पुटपुटली. सिस्टर थांबून राहिली. शेवटी तिनं हात धुतले, टोचून घेतलं. एकशे बारा.

“छान आहे की मावशी,” म्हणत सिस्टरनं फोन ठेवला.

यमुनानं नाइलाजानं फोटो धाडला. अंगठा आला. तिला सिस्टरचा राग आला, मग स्वतःच्या रक्ताचा. आजच एवढं शहाण्यासारखं वागायची काही गरज होती का? तिनं सामान पिशवीत भरलं, पण पाय खाली उतरायला तयार होईनात. ऊन अंगावर येईपर्यंत ती तिथंच बसून राहिली.

फोन पुन्हा वाजला. सुदेश होता.

“आये, मीच सांगितलं सिस्टरला, हात धुवायला लावा म्हणून. औषध वाढवलं असतं त्यांनी. फोटोत मशीनवर मुंग्या दिसायच्या, दर मंगळवारी.”

यमुना हळूच म्हणाली, “ठावं हुतं, तरी फोन करत हुतास?”

“व्हय.”

मग त्यानं विचारलं, “मध किती उरलाय?”

तिनं पिशवीतून बाटली काढून उजेडात धरली.

“तू येऊन खाशील एवढा हाय,” ती म्हणाली.