भामाने लावलेला कौल

अनुया दातारने आपल्या ब्लॉगचं नाव 'पठारी प्रदेश' ठेवलं तेव्हा तिच्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पण पनवेलच्या शाळेत वर्षानुवर्षं भूगोल शिकवणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार! कॅन्सरच्या ऑपरेशननंतर घरी आल्यावर तिने पहिली पोस्ट टाकली: "उजवीकडचा डोंगर जागेवर आहे. डावीकडे आता पठार. पर्यटकांनी हिरमुसू नये, तसेही ते येत कुठे होते!" तिचा नवरा चारुदत्त तळोज्याच्या कारखान्यातून पाळी संपवून आला, त्याने ते वाचलं आणि रात्रीच्या जेवणापर्यंत तिच्याशी एक अक्षरही बोलला नाही. मग आमटी वाढून घेताना त्याला अचानक हसू फुटलं, आणि हसता हसता तो रडायला लागला.

ब्लॉगचा नियम एकच होता, खोटं लिहायचं नाही. उलट्या झाल्या तर उलट्या लिहायच्या, भीती वाटली तर भीती. पालकसभेत केसांचा टोप सरकून खाली पडला आणि सातवी ब मधल्या एका वडिलांनी तो अदबीने उचलून दिला, तेही तिने लिहिलं. त्या दिवसापासून टोप माळ्यावर गेला आणि ती उघड्या डोक्याने फिरू लागली. सगळ्यात गाजली ती चिमण्यांची गोष्ट. सासूबाईंनी, म्हणजे आशालताबाईंनी, मायेने मऊ कापडाची एक पिशवी शिवून, तिच्यात बाजरी भरून डाव्या बाजूसाठी सोय करून दिली होती. अनुयाने ती एकदा धुतली आणि गॅलरीत वाळत घातली. बघते तर चिमण्यांची पंगत बसलेली! "माझ्या डाव्या बाजूवर इतकं प्रेम आजवर कोणी केलं नव्हतं," असं तिने लिहिलं.

वाचक भरपूर होते आणि त्यातल्या निम्म्यांचा तिला वैताग होता. तू वाघीण आहेस, सकारात्मक राहा, गव्हांकुराचा रस घे, तू जिंकणारच. जिंकणार म्हणजे काय? ही काय आंतरशालेय कबड्डी होती? उपचार तिने निमूटपणे घेतले, कारण दुसरा मार्ग नव्हता. त्यात शौर्य कुठून आलं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

एका वाचकावर मात्र तिचा जीव होता, आणि गंमत अशी की त्या वाचकाला वाचताच येत नव्हतं. भामा करंज्याची कोळीण. वर्षानुवर्षं अनुयाच्या सोसायटीत मासळी घेऊन येणारी, आवाजाने तीन इमारती जाग्या करणारी. तिची सून मोनाली बारावी झालेली. ती मोबाइलवर ब्लॉग उघडून सासूला वाचून दाखवायची. चिमण्यांची गोष्ट ऐकल्यावर भामा दारात पाटी उतरवून इतकी हसली की तिला ठसका लागला.

"बाय, तू तं लय भारी लिवतंस," ती डोळे पुसत म्हणाली. "मोनालीला मी सांगतंय, परत वाच. ती वाचून कंटालली, पन मी नाय."

अनुयाला वाटायचं, शंभर वाघिणी ओवाळून टाकाव्यात त्या ठसक्यावरून.

उन्हाळ्यात उपचार संपले. डोक्यावर कोवळे केस आले, लहान बाळासारखे. "सरकारी खर्चाने जावळ," असं तिने लिहिलं, आणि शाळेत पुन्हा रुजू झाली. दिवाळीच्या आधी पाठ दुखायला लागली. फळ्यावर नकाशा काढताना खडू हातातून पडू लागला. मग तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी पडद्यावर मणका दाखवला, यकृत दाखवलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले की आता बरं होणं नाही, थोपवून धरणं आहे. केमो पुन्हा घ्यावी लागेल. त्याने काही महिने मिळतील. चारुदत्त घरी येताना पळस्प्याच्या नाक्यावर गाडी बाजूला लावून बराच वेळ स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला. अनुयाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तिला त्या घटकेला स्वतःपेक्षा त्याची दया आली.

घरी येऊन तिने पोस्ट लिहायला घेतली. मथळा दिला, 'पाहुणा परत आला'. निम्मी लिहून झाली, चार बरे विनोदही जमले. तेवढ्यात दाराशी भामाची हाक आली.

आज पाटी नव्हती. भामाच्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेला मोठा पापलेट होता आणि अंगावर ठेवणीतलं लुगडं.

"ह्यो तुजा. पैशे नाय घेनार," ती म्हणाली आणि आत येऊन दार लोटून घेतलं. "बाय, तुजा समदा झाला ना? औषधा संपली, केस आलं, शालंत गेलीस?"

अनुयाच्या तोंडून हुंकार निघाला. तो होकार होता की नकार, हे तिलाही सांगता आलं नसतं. भामाने तिचा हात धरला आणि आपल्या चोळीखाली नेऊन ठेवला.

गाठ लिंबाएवढी होती, दगडासारखी घट्ट, आणि वरची कातडी आत ओढली गेलेली. ही वाट तिच्या पायाखालची होती.

"कधीपासून आहे हे, मावशी?"

"तुजा आपरेशन झाला तवा घेवड्याएवडी व्हती," भामा खाली बसत म्हणाली. "मी कोनाला बोल्ले नाय. मी कौल लावला."

देवाच्या अंगाला फूल लावायचं आणि ते उजवीकडून पडतं की डावीकडून, हे बघायचं. ह्या कौलावर तिच्या गावात लग्नं ठरत, नव्या होड्या पाण्यात उतरत. पण भामाने कौल देवाला लावला नव्हता.

"तुज्यावर लावला," ती म्हणाली. "म्हटला, ही शिकलेली बाय हाय, समदा खरा लिवते. हिचा नीट झाला तं मी बी जाईन डाक्टरकडं. नाय झाला तं फुकट कशाला कापून घ्या? म्हनून तं मी मोनालीकडून परत परत वाचून घेत व्हते. आता तू बरी झालीस. आता मी जातंय."

म्हणजे वर्षभर अनुया विनोद करत राहिली आणि वर्षभर ही बाई ते ऐकत, हसत, ठसका लागेस्तोवर हसत, आपली गाठ वाढवत राहिली. एकदा, नुसतं एकदा, 'तुम्हाला गाठ लागली तर उद्याच्या उद्या दाखवा' असं सरळ लिहिलं असतं तर? लिहिलं होतंही. चिमण्यांच्या गोष्टीखाली, शेवटच्या ओळीत. शेवटची ओळ कोण ऐकतं! हसू ओसरेपर्यंत मोनालीने मोबाइल मिटलेला असायचा.

आत संगणकावर 'पाहुणा परत आला' अर्धवट उघडं होतं. ते बाहेर पडलं तर भामा उठून करंज्याला निघून जाणार, हे अनुयाला स्वच्छ दिसलं.

"हो," ती म्हणाली. "झालं माझं सगळं. चला, उद्याच जाऊ डॉक्टरकडे."

डॉक्टर भामाला ओरडले नाहीत. त्यांच्या न ओरडण्यानेच अनुयाला काय ते कळलं. आधी केमो, मग ऑपरेशन, आणि मग बघू, असं म्हणून त्यांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. त्या 'बघू' वर तेवढ्यापुरता का होईना, अनुयाने जीव टांगला.

मग ब्लॉगवर खोटं सुरू झालं. पाठ इतकी दुखायची की मोरीतून उठताना चारुदत्तला हाक मारावी लागे, आणि ती लिहायची की आठवीची सहल कर्नाळ्याला नेली, पोरांनी पक्षी सोडून माकडंच बघितली. सहल खरी होती, पण ती दुसऱ्या बाईंनी नेली होती. चारुदत्त एकदा भडकला.

"माझ्या आईला तू जेवणाच्या ताटावर रिपोर्ट वाचून दाखवलास," तो म्हणाला, "आणि मासेवालीसाठी हे सगळं?"

"तुझ्या आईला गाठ नाहीये," अनुया म्हणाली. रुसूनच शाळेला फोन करून त्याने तिची रजा वाढवली.

अडचण आली ती केसांची. दुसऱ्या वेळची केमो सुरू झाली आणि ते कोवळं जावळ उशीवर उतरू लागलं. इकडे भामाची दुसरी केमो झाली होती आणि ती निकराला आली होती. आता सासूऐवजी मोनाली पाटी घेऊन यायची, ती सांगे, आई म्हणतात पुरे झालं, आता नाय जायाचा. अशात अनुयाचं तुळतुळीत डोकं भामाच्या नजरेला पडलं असतं तर सगळंच बोंबललं असतं. टोप घालावा तर त्याची फजिती जगजाहीर होती.

अनुयाने दोन दिवस विचार केला आणि लिहिलं: "तिरुपतीला जाऊन आले. बरी झाले तर केस देईन असं बोलले होते, ते देऊन टाकले. न्हाव्याने इतके आखूड केस बघून माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच देवाची उधारी ठेवून पळतेय." ती आयुष्यात तिरुपतीला गेली नव्हती. पण पोस्ट फक्कड जमली. खाली चाळीसेक जणांनी गोविंदा गोविंदा लिहिलं.

चार दिवसांनी भामा स्वतःच आली. सुनेच्या खांद्यावर हात टेकत, वाळून अर्धी झालेली, डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं. दारातच बसली. अनुयाचं डोकं तिने दोन्ही हातांनी चाचपलं, खूप वेळ चाचपलं, आणि हसली.

"बरी दिसतंस," ती म्हणाली. "देवाला केस दिलंस. बरा केलंस."

मग लगेच निघायचं म्हणत होती ती उठेना. मांडीवर पदर पसरून जराशी थांबली, अनुयाच्या तोंडाकडे बघत. अनुया पाठीची कळ दाबत उभी होती, तिला वाटलं दमली असेल. शेवटी भामाने त्याच पदराने तोंड पुसलं.

"पानी दे गो बाय," ती म्हणाली. पाणी पिऊन ती मोनालीला म्हणाली, "चल. परवा मुंबईला जायाचा हाय, सुईसाठी."

दार लावून अनुया तिथेच भिंतीला टेकून बसली आणि आनंदाने रडली. फार दिवसांनी तिला काहीतरी जमलं होतं.

भामाने सगळ्या केमो घेतल्या, एकही चुकवली नाही. ऑपरेशन मात्र झालं नाही. त्याआधीच्या तपासणीत फुप्फुसं भरलेली निघाली. शिमग्याच्या आधी, गावात होळीसाठी सुपारीचं झाड आणायची तयारी चालली असताना, ती गेली.

मोनाली दिवसकार्य झाल्यावर आली. रिकाम्या हातांनी. अनुया आता पलंगावरच असायची. आशालताबाईंनी खुर्ची पुढे केली तरी मोनाली खालीच बसली.

"तिने उगाच एवढे हाल सोसले," अनुया म्हणाली. "मी तिला फसवलं, मोनाली. मी बरी झालेच नव्हते. मी तेव्हाच सांगितलं असतं तर ती निदान घरी, सुखाने…"

"आईंना म्हाईत व्हता," मोनाली म्हणाली.

अनुयाने उशीवरून डोकं उचललं.

"तुमी तिरुपतीला गेल्या म्हनून लिवलात, मग आमी आलो. आईंनी पदर पसरला, तुमी परसादाचा लाडू देयाल म्हनून. तुमी पानी दिलात." मोनाली खाली बघून फरशीवरून बोट फिरवत होती. "रिक्षात बसल्यावर आई म्हनाल्या, तिरुपतीला जाऊन कोन लाडवाबिगर येतो गो? आमच्या वाड्यात येक मानूस गेला तरी सगल्या घरांना तुकडा पोचतो. तिचा परत आला हाय, म्हनाल्या. रडल्या मंग, पार घर येईस्तोवर."

अनुयाच्या डोळ्यांपुढे तो पसरलेला पदर आला. एका लाडवाने भागलं असतं. पनवेलच्या बाजारातला कुठलाही लाडू आणून ठेवला असता तरी भागलं असतं.

"मग ती परत मुंबईला गेली कशी?" तिने कसंबसं विचारलं. "तिचा कौल तर…"

"मी बी तेच बोल्ले. आता सोडा, म्हटला. तुमीच तं सोडायचा म्हनत होतात." मोनालीने नाक ओढलं. "तं म्हनाल्या, त्या बायनं कदी खोटा नाय लिवला. ह्यो पयलाच, आनि त्यो माज्यासाठी. मी उठून घरी बसले तं त्यो फुकट जाईल. म्हनून गेल्या. दर टायमाला वांत्या करत करत गेल्या. तुमाला सांगायचा नाय म्हनाल्या, नायतर तुमी लिवायच्या थांबाल."

आशालताबाई पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. अनुयाला मोठ्याने ओरडावंसं वाटलं, पण ओरडायला पाठ साथ देत नव्हती. ती कण्हली, एवढंच. एकीने दुसरीसाठी खोटं बोलावं, दुसरीने ते खरं मानल्यासारखं करावं, आणि त्यातून दोघींच्याही हाती काही लागू नये!

मोनाली उठली. दाराशी जाऊन पुन्हा वळली.

"आता खरा लिवा, मॅडम," ती म्हणाली. "माज्या फोनमदे दिसंल. पन मी वाचून कोनाला दाखवू?"

ती गेल्यावर अनुयाने चारुदत्तकडून लॅपटॉप मागून घेतला. 'पाहुणा परत आला' तसंच अर्धवट पडलेलं होतं. त्यातले चारही विनोद तिने काढून टाकले. मग वर, अगदी पहिल्या ओळीत, लिहिलं: "गाठ लागली तर आज दाखवा, माझं काय होतंय ह्याची वाट बघू नका." त्याखाली लिहिलं: "मी तिरुपतीला गेले नव्हते." भामाबद्दल सगळं लिहून झालं तेव्हा दिवेलागण झाली होती. तिने ते प्रसिद्ध केलं.

थोड्या वेळाने चारुदत्तने लॅपटॉपच्या पडद्यात डोकावून पाहिलं.

"आल्या का प्रतिक्रिया?" त्याने विचारलं.

"आल्या," अनुया म्हणाली. "वाघीण आहेस, जिंकणारच."

मग तिने लॅपटॉप मिटला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.