मायनस नंबरचा माणूस

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत मी काचा घासतो, म्हणून मला सगळे घाश्या म्हणतात. पुढे काउंटरवर ताई. पन्नाशी उलटलेल्या, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. गिऱ्हाइकानं फ्रेम निवडायला अर्धा तास लावला की त्यांचा पारा चढायचा आणि राग निघायचा माझ्यावर.

त्या एकाएकी मवाळ झाल्या. फोनवर कुणी जहाजावरचा इंजिनिअर भेटला होता. "रोज सकाळी विचारतो, झोप लागली का म्हणून," त्या म्हणाल्या. "असं कुणी विचारून किती वर्षं झाली रे." मग त्यांनी त्याचे दोन फोटो दाखवले. "कसा वाटतो? खरं सांग."

माणसाच्या आधी मी चष्मा बघतो. पहिल्या फोटोत काचेआड गालाची कड आत सरकलेली, म्हणजे मोठा मायनस नंबर. दुसऱ्यात काचेमागे डोळे मोठाले, म्हणजे प्लस. इतका मायनस असलेल्याला असा प्लस लागत नाही. दाढी सारखी, पण माणसं दोन.

"चांगला वाटतो," मी म्हणालो.

त्यांचं मन मोडवेना, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर महिनाभर त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता, आणि तो आराम मला सोडवत नव्हता.

व्हिडिओ कॉलचा विषय निघाला की त्याच्या जहाजावर रेंज नसायची. पैसे मागताना मात्र असायची. कस्टममध्ये अडकलेलं त्याचं सामान सोडवायला म्हणून ताईंनी स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी साठवलेले पैसे त्याला दोनदा करून पाठवले. दुसऱ्यांदा पाठवले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना दुकानाच्या मालकांकडे उचल मागताना मी ऐकलं आणि मशीन बंद केलं.

"ताई, आता एक पैसाही पाठवू नका. ती दोन वेगळी माणसं आहेत."

मी फोटोंतल्या काचांवर बोट ठेवून दाखवलं. वीस वर्षं चष्मे विकलेली बाई; त्यांना समजायला वेळ लागला नाही. त्या स्टुलावर बसल्या.

"तुला कधी दिसलं हे?"

थाप मारता आली असती. "तुम्ही फोटो दाखवलेत तेव्हाच."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "चल, बँक बंद होईल," एवढंच म्हणाल्या.

बँकेतून आम्ही पोलीस चौकीत गेलो. तक्रार लिहून घेणारी बाई समजूतदार होती. "मावशी, पैसे पाठवायच्या आधी जवळच्या कुणाला तरी विचारायचं."

"विचारलं होतं," ताई म्हणाल्या. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही.

दुसऱ्यांदा पाठवलेली रक्कम बँकेला अडवता आली. पहिली गेली ती गेलीच, आणि ऑपरेशन पुढच्या वर्षावर गेलं. मी माझ्या पगारातून थोडे पैसे पाकिटात घालून पुढे केले, तर त्यांनी पाकीट परत माझ्या खिशात ठेवलं.

"हे देऊन तुला बरं वाटेल, घाश्या," त्या म्हणाल्या. "मला नाही वाटणार."

गुडघ्यामुळे त्यांना शिडी चढवत नाही, म्हणून माळ्यावरची खोकी आता मीच उतरवतो. त्या नको म्हणत नाहीत, आणि दुसरं काही बोलतही नाहीत.