उतरणारी नगरी

उलिताचं पत्र आलं तेव्हा इन्नोकेंती साव्विचनं ते तीनदा वाचलं आणि स्वतःच्याच पुस्तकात घालून कपाटात ठेवून दिलं. त्याला आता एकवीस वर्षं झाली. उत्तर लिहायचं राहून गेलं, असं तो मनाशी म्हणायचा. राहून गेलं नव्हतं, टाळलं होतं.

पत्र रशियाच्या उत्तरेकडच्या पेचोरा नदीकाठच्या गावातलं. तिथले लोक अजून जुन्या रीतीनं प्रार्थना करणारे. तरुणपणी जुनी पदं गोळा करायला तो टेपरेकॉर्डर घेऊन तिथं गेला होता. उलिताचा बाप फेओक्तिस्त हा गावातला शेवटचा जाणता गायक. सणाच्या पदात 'नगरी' या शब्दावर पोथीत एकच खूण असे. त्या खुणेत एक लांबलचक चाल मिटलेली. ती उलगडायची कशी, हे गुरूच्या तोंडूनच कळायचं. फेओक्तिस्तनं ती उलगडली आणि आवाज पायरीपायरीनं खाली उतरवत पार छातीच्या तळाशी नेला.

"बाबा, दम कमी पडला का?" इन्नोकेंतीनं विचारलं.

"दम? अरे मास्तर, सकाळपासून लाकडं तू फोडलीस की मी?" म्हातारा हसला होता.

पण इन्नोकेंतीनं शहरात पाहिलेल्या, चाल उलगडून लिहिलेल्या पोथ्यांत ती वर चढायची. स्वर्गातली नगरी वरच असणार, म्हातारा थकला असणार, असं त्यानं ठरवून टाकलं. पुस्तकात चाल चढती छापली, वर फेओक्तिस्तचं नाव घातलं. साधी तळटीपही दिली नाही. फिती तेव्हा मिळत नसत. पुढच्या दौऱ्यात त्याच फितीवर दुसऱ्या गावची लग्नगीतं भरली.

उलितानं लिहिलं होतं : 'बाबा गेले. मुली तुमच्या पुस्तकावरून शिकतात. मी म्हणते, बाबा इथं खाली यायचे. त्या म्हणतात, छापलेलं खोटं कसं असेल? पण नगरी स्वर्गातून आपल्याकडे उतरते असं शास्त्रात आहे ना, मग ती वर का पळेल? फीत तुमच्याकडे आहे. ऐकून कळवा. तुम्ही म्हणाल तसं गाऊ.'

शास्त्रातलं ते वाक्य त्याला पाठ होतं. चालीशी जोडून पाहायचं मात्र कधी सुचलं नव्हतं.

या शरदात शेजारची कापितोलिना फोन घेऊन आली. पूर्वी त्याच्याच संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात होती ती.

"ऐका, तुमची पेचोराची मंडळी! राजधानीत पहिलं बक्षीस मिळालंय."

बायका सुरेख गात होत्या. 'नगरी'वर आवाज चढला, चढतच गेला.

"तीनशे वर्षांची अखंड परंपरा म्हणतायत," कापितोलिना म्हणाली. "अहो, चेहरा असा काय केलात? कौतुकच आहे की!"

"ती परंपरा माझ्या टेबलावर जन्मली," तो म्हणाला आणि त्यानं सगळं सांगितलं.

तिनं चहात घातलेला मुरंबा ढवळला. "तिनं एवढंच विचारलं होतं, वर की खाली. चारशे पानं लिहिलीत, एक ओळ नाही जमली?"

"आता ती जिवंत तरी असेल का?"

"असो नसो. तुम्ही तरी कुठे होतात इतकी वर्षं?"

ती गेल्यावर तो लिहायला बसला. 'खाली. तुमचे वडील बरोबर होते, चूक माझी. फीत मी पुसली. हे पत्र मुलींना वाचून दाखवा.' मग काळ्या शाईनं पोथीतल्यासारख्या खुणा, लाल शाईनं स्वर दाखवणारी बारीक अक्षरं. शेवटच्या सात पायऱ्या आठवल्या. त्याही खरंच आठवल्या, की आठवाव्यात म्हणून आठवल्या, कोण जाणे. ही शंकाही त्यानं लिहिली. आधीची चाल आठवेना. ती जागा त्यानं कोरी सोडली. या वेळी अंदाज नको.

पोस्टातल्या बाईनं पाकीट उलटंपालटं केलं. "आजोबा, या गावचं पोस्ट कधीच बंद झालंय. जिल्ह्याला जाईल. घेणारं कुणी नसलं तर परत येईल. पण येणार कुठं? तुम्ही स्वतःचा पत्ताच घातला नाहीत."

"राहिला," तो म्हणाला. मग मान खाली घालून, "नाही, राहिला नाही," असं पुटपुटला आणि पेन मागितलं.

त्यानं पूर्ण नावासकट पत्ता लिहिला. बाईनं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.